दुसऱ्या शहरातून काय आणावे?

वैशाखातल्या दुपारी औरंगपुऱ्यातून एकदा पायी जावे. मंडईच्या आसपास, रस्त्याच्या कडेला ओले गोणपाट अंथरून त्यावर मेथी, पालक, कोथिंबीर मांडून बसलेल्या बायका दिसतील. दर दहा-पंधरा मिनिटांनी भाजीवर पाणी शिंपडले जाते. शिंपडणारीच्या डोक्यावर मात्र पदराशिवाय दुसरे काही नसते. भाजी सुकली तर दिवसाचे भांडवल बुडते, म्हणून पाणी आधी भाजीला आणि उरलेच तर स्वतःला. त्यांच्यातल्या एका मावशींना आम्ही विचारले, "मावशी, पलीकडे भिंतीची सावली आहे, तिकडे का बसत नाही?" त्या म्हणाल्या, "सावलीत बसल्यावर गिऱ्हाईक येतं का, दादा? इथं रस्त्यावर बसावं तेव्हा कुठं चार जुड्या जातात."

हे उत्तर आम्ही मुद्दाम लिहून घेतले. शहरांच्या उन्हाळ्यावर हल्ली मोठमोठ्या सभागृहांत जी चर्चा चालते, तिच्यात ते बसते की नाही हे पाहावे, एवढाच हेतू.

ऊन वाढले आहे, ही आता केवळ म्हाताऱ्या माणसांची तक्रार राहिलेली नाही. कोळसा आणि तेल जाळून जगाने जो धूर हवेत सोडला, त्याने गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत पृथ्वीचे सरासरी तापमान एक अंशाहून अधिक वाढले. एक अंश म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण सरासरी एवढी चढली की उन्हाच्या लाटा लांबतात, रात्री निवत नाहीत आणि पाऊस दोन महिन्यांचा दोन दिवसांत पडून मोकळा होतो. ज्यांच्या दारात मोटार नाही आणि घरात वातानुकूलन यंत्र नाही, त्यांनी या धुरात सर्वांत कमी भर घातली. ताप सर्वांत जास्त त्यांनाच. हा न्याय आपल्या ओळखीचा आहे.

या संकटाला तोंड देण्यासाठी शहरे आता एकमेकांकडून शिकू लागली आहेत. परिषदा भरतात, शहरांचे संघ स्थापन होतात, अधिकारी आणि लोकप्रतिनिधी अभ्यासदौऱ्यावर जातात. चांगली गोष्ट आहे. आमचा प्रश्न साधा आहे. परत येताना पिशवीत काय येते? बाजारातून काय आणले जाते, यावरून घरात कोणाचे चालते ते कळते. शहराचेही तसेच आहे.

अहमदाबादचे उदाहरण घेऊ. मे २०१० मध्ये तेथील पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या एका महिन्यात शहरात ४,४६२ मृत्यू झाले. मागच्या-पुढच्या वर्षांच्या मे महिन्यांशी ताडून पाहिले, तेव्हा हा आकडा तब्बल १,३४४ ने जास्त निघाला. वाचक भगिनी-बांधवांनो, या मोजणीची रीत समजून घेण्यासारखी आहे. मृत्यूच्या दाखल्यावर 'ऊन' असे कोणी लिहीत नाही. पत्र्याच्या खोलीत झोपलेली म्हातारी सकाळी उठली नाही, तर दाखल्यावर हृदयविकार लिहिला जातो. बांधकामावरचा मजूर घरी येऊन रात्री गेला, तर तो कामावर गेला असेही धरले जात नाही. म्हणून तेथील अभ्यासकांनी कारणे बाजूला ठेवली आणि एकूण माणसे किती गेली ते मोजले. मोजल्यावर कळले की एका महिन्यात हजारावर माणसे नाहीशी झाली आणि कागदावर त्याचा पत्ताही नव्हता.

त्याच उन्हाळ्यात शहरातील शारदाबेन रुग्णालयात नुकतीच जन्मलेली बाळे तापाने फणफणून अतिदक्षता विभागात येऊ लागली. आजार सापडेना. शेवटी लक्षात आले की बाळंतिणींचा विभाग सर्वांत वरच्या मजल्यावर, थेट तापलेल्या गच्चीखाली होता. विभाग खाली हलवला आणि उन्हाने आजारी पडणाऱ्या बाळांची संख्या उतरली. यासाठी परदेशी यंत्र लागले नाही. खाटा उचलून खाली न्याव्या लागल्या. आम्ही ही हकीकत जाणूनबुजून विस्ताराने सांगत आहोत, कारण आपल्या भगिनी सरकारी दवाखान्यातच बाळंत होतात. वॉर्ड कोणत्या मजल्यावर आहे, हे विचारण्याचा त्यांना हक्क आहे.

२०१३ साली अहमदाबाद महापालिकेने उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा अमलात आणला. गांधीनगरची भारतीय लोकस्वास्थ्य संस्था आणि काही परदेशी संस्था सोबतीला होत्या. एखाद्या शहराने असा आराखडा करण्याची भारतातली ही पहिलीच वेळ. हवामान खात्याचा अंदाज आला की पिवळा, केशरी किंवा लाल इशारा द्यायचा, दवाखान्यांना आधी कळवायचे, जलसंजीवनीची पाकिटे वस्त्यांपर्यंत पोहोचवायची, पाणपोया वाढवायच्या, बागा दुपारीही उघड्या ठेवायच्या आणि या सर्वांसाठी एक अधिकारी नावानिशी जबाबदार धरायचा. जबाबदार नाव असणे हा आम्हाला त्यातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. पुढे झालेल्या अभ्यासात असा अंदाज निघाला की या आराखड्यानंतर २०१४ आणि २०१५ मध्ये वर्षाला सरासरी हजाराहून अधिक मृत्यू टळले असावेत.

हे शिक्षण अहमदाबादेत अडकून राहिले नाही. २०१६ साली नागपूरने असा आराखडा केला. नागपूरचे ऊन आपल्या समाजाला नवे नाही; दीक्षाभूमीच्या त्या शहरात आपले आप्त घरोघर आहेत. तेथे उन्हाळ्यात दुपारी काही चौकांतील सिग्नल बंद ठेवण्याचा प्रयोगही झाला, म्हणजे सायकलवाला, दुचाकीवाला डांबरावर भाजत उभा राहू नये. छोटीशी गोष्ट, पण कोणीतरी चौकात उभे राहून पाहिल्याशिवाय सुचत नाही. पुढे इतर शहरे आणि राज्येही या वाटेने गेली.

मात्र दुसऱ्याचे कपडे आणले तरी आपल्या अंगाला बेतून घ्यावे लागतात. अहमदाबादेत ४५ अंशांना लाल इशारा ठरला, म्हणून तोच आकडा सगळीकडे चालत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या उघड्या मैदानावर मोठा शासकीय कार्यक्रम झाला. पारा चाळिशीच्या खालीच होता. तरी उष्माघाताने १४ माणसे दगावली. समुद्रकाठची दमट हवा असली की घाम वाळत नाही, घाम वाळला नाही की शरीर निवत नाही. हवामान खातेसुद्धा मैदानी भागात ४० आणि किनाऱ्यावर ३७ अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करते. तेव्हा मराठवाड्यातील आपल्या शहराचा आकडा कोणता, रात्री किती तापमान राहिले की दवाखान्यात गर्दी वाढते, हे इथल्याच दवाखान्यांच्या आणि स्मशानांच्या नोंदींवरून काढावे लागेल. उसना आकडा म्हणजे उसना चष्मा.

आता घराच्या पत्र्याकडे येऊ. अहमदाबादेत २०१७ साली सुमारे तीन हजार घरांची छपरे चुन्याने पांढरी करण्याचा उपक्रम झाला. पांढरा रंग ऊन परत फेकतो, त्यामुळे खालची खोली दोन ते पाच अंशांनी थंड राहते, असा अनुभव सांगतात. हैदराबादेतही असा प्रयोग झाला आणि तेलंगण सरकारने २०२३ साली थंड छपरांचे धोरणच जाहीर केले. पण इथेही बेतून घेण्याचा प्रश्न आहेच. स्लॅबवर चुना धरतो. पत्र्यावर तो नीट धरत नाही, पोपडे निघतात आणि पहिल्या पावसात नालीत वाहून जातो. पत्र्यासाठी ऊन परतवणारा वेगळा रंग मिळतो, तो महाग पडतो. आपल्या वस्त्यांतून लोक पत्र्यावर पाचट, तुराट्या, जुने गोणपाट टाकतात. त्याने खोली निवते हे खरे, पण वरून विजेची तार गेली असेल तर एक ठिणगी सगळी गल्ली घेऊन जाईल. आतून बांबूची तट्टी किंवा जाड पुठ्ठ्याचे छत बांधून पत्रा आणि छत यांच्यामध्ये वीतभर हवा खेळती ठेवली, तर धग बरीच अडते. पुठ्ठाही पेट घेणाराच, म्हणून विजेची वायर आणि चूल त्यापासून दूर ठेवावी. या गोष्टी कोणत्या परिषदेत सांगितल्या जातात? पत्र्याखाली चाळीस उन्हाळे काढलेली बाई या विषयातली जाणकार आहे, पण अभ्यासदौऱ्याच्या यादीत तिचे नाव नसते.

अहमदाबादच्याच महिला हाउसिंग ट्रस्टने हे काही प्रमाणात उलटे करून दाखवले. वस्तीतल्या बायकांनाच त्यांनी प्रशिक्षण दिले आणि छप्पर, पाणी, हवा यांचे प्रश्न घेऊन त्या महापालिकेपुढे उभ्या राहिल्या. गुजरातेतून हे काम जोधपूर, जयपूर, भोपाळ, रांची अशा शहरांत गेले. १९७२ साली स्थापन झालेल्या 'सेवा' या कष्टकरी महिलांच्या संघटनेने तर २०२३ पासून आपल्या सभासदांसाठी उन्हाचा विमा सुरू केला. पारा ठरलेल्या मर्यादेपलीकडे राहिला की बुडालेल्या रोजाबद्दल थोडी रक्कम थेट खात्यात जमा होते. रक्कम फार मोठी नाही. पण औरंगपुऱ्यातल्या मावशींच्या उत्तराला हे निदान अर्धे तरी प्रत्युत्तर आहे. सावलीत बसल्यावर बुडणारा पैसा कोणी भरून देणार असेल, तरच "उन्हात बसू नका" या सल्ल्याला काही अर्थ राहतो. नुसती पत्रके वाटून काय होणार?

आणि आता पिशवीतली दुसरी वस्तू. त्याच अहमदाबादेत साबरमतीचा नदीकाठ बांधून काढला आहे. दोन्ही तीरांवर काँक्रीटच्या भिंती, फरसबंद रस्ते, दिव्यांची रोषणाई. ते पाहायला देशभरातून दौरे गेले आणि अनेक शहरांत तसल्याच नदीकाठाची हौस सुरू झाली. पुण्याच्या मुळा-मुठेच्या प्रकल्पावरही साबरमतीची छाया आहे. मात्र या सुशोभीकरणासाठी साबरमतीच्या काठावरून दहा हजारांहून अधिक गरीब कुटुंबे उठवली गेली आणि त्यांतील पुष्कळांना शहराच्या टोकाला, कामापासून कोसभर दूर जावे लागले, हे दौऱ्यातल्या छायाचित्रांत दिसत नाही. एकाच शहरात दोन गोष्टी होत्या. एक माणसे वाचवणारी, दुसरी नजर सुखावणारी. कोणती आणली जाते, यावर आपले लक्ष असले पाहिजे.

हे आम्ही इतक्या कळकळीने लिहितो, कारण छत्रपती संभाजीनगरातही, म्हणजे २०२३ पर्यंतच्या औरंगाबादेत, नदीचे काम सुरू झाले आहे. जटवाड्याच्या डोंगरातून निघणारी खाम नदी शहराच्या कडेने, पाणचक्की आणि मकाई दरवाजाजवळून वाहत जाते आणि पुढे नाथसागरात मिळते. शहराचे पिण्याचे पाणी नाथसागरातूनच येते, म्हणजे नदीत जे सोडू ते फिरून आपल्याच माठात येणार. वर्षानुवर्षे ही नदी नाला म्हणूनच ओळखली गेली. अलीकडे महापालिका, छावणी परिषद, उद्योग आणि इकोसत्त्व ही संस्था यांनी मिळून तिचे पुनरुज्जीवन हाती घेतले. नोव्हेंबर २०२१ मध्ये देशातील नदीकाठच्या तीस शहरांचा संघ स्थापन झाला, त्यात आपलेही शहर होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये या संघाची बैठक पुण्यात भरली. कचरा उचलला गेला, काठाला झाडे लागली, तर आनंदच आहे. नदी मोकळी झाली तर पुराचे पाणी आधी ज्यांच्या घरात शिरते, त्या काठच्या वस्त्यांनाच त्याचा पहिला लाभ. फक्त नदी वाचवताना वस्ती ही घाण समजली जाऊ नये, एवढी खबरदारी हवी. काठावर राहणाऱ्याला हलवणे खरोखर अपरिहार्य असेल, तर आधी घर, मग हलवणे. तेही कामाच्या टप्प्यात.

घेण्याबरोबर देण्यासारखेही आपल्या शहराकडे आहे. १६१० साली खडकी वसवणारा मलिक अंबर हा मूळचा हबशी गुलाम. बाजारात विकला गेलेला हा मुलगा पुढे निजामशाहीचा वजीर झाला. त्याने डोंगरात मुरणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून, केवळ उताराच्या जोरावर शहरात खेळवले. ठरावीक अंतरावर हवेसाठी आणि सफाईसाठी उभ्या विहिरी ठेवल्या. तीच नहर-ए-अंबरी. ही विद्या मूळची इराणकडची; बिदरलाही तिच्या खुणा आहेत. गंमत अशी की त्याच सुमारास, १६१५ साली, बऱ्हाणपुरात अब्दुल रहीम खानखाना याने अशाच भूमिगत पाण्याची कुंडी भांडार ही व्यवस्था उभारली. आणि हा खानखाना म्हणजे मलिक अंबराशी दख्खनमध्ये लढणारा मोगल सरदार! रणांगणावर दोघे वैरी, पण दोघांच्या शहरांत पाणी एकाच रीतीने वाहिले. ज्या शहराने गेली कित्येक वर्षे नळाला काही-काही दिवसांनी एकदा येणाऱ्या पाण्यासाठी रात्री जागून हंडे भरले, त्याच शहराच्या पोटात चारशे वर्षांपूर्वी विजेशिवाय वाहणारे पाणी होते. वर बांधकामे झाली, बोअर पडले, नहरी फुटल्या. जे उरले आहे ते जपून त्याचे नकाशे करावेत, म्हणजे दुष्काळी पठारावरच्या इतर शहरांनाही दाखवता येईल.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पाणी असे ओझ्याने न्यावे लागते. कोणते पाणी जमिनीत जिरवायचे आणि कोणत्या उसाला द्यायचे नाही, हे ज्ञान मात्र एका वहीत मावले असते. ते मिरजेहून लातूरला गेले, की लातूरहून मिरजेला यायला हवे होते, हा वादाचा विषय होईल.

ज्ञान परक्या मुलखातून आणून इथल्या गरजेला लावण्याचा धडा परमपूज्य बाबासाहेबांनी घालून दिला आहे, हे आपल्या तरुणांना फारसे ठाऊक नसते. १९४३ साली दामोदर नदीला प्रचंड पूर आला, बंगालात हाहाकार झाला. त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि पाणी व वीज हे विषय त्यांच्याकडे होते. अमेरिकेतील टेनेसी खोऱ्यात पूर, वीज आणि सिंचन यांचा एकत्रित विचार झाला होता. तेथील एक अनुभवी अभियंता इकडे आला. ३ जानेवारी १९४५ रोजी कोलकात्यात दामोदर खोऱ्यासंबंधी परिषद झाली, तिचे अध्यक्ष बाबासाहेब होते. पुढे १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले. त्याच मजूरखात्याच्या काळात, १९४६ साली, कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. उन्हाळ्यात बांधकामाचे तास सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा ठेवावेत, दुपारची सुटी मिळावी आणि रोज पूर्ण मिळावा, ही आजची मागणी त्याच वाटेवरची आहे.

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात १९९०च्या दशकात उन्हाची लाट आली की गल्लीतला एक माणूस घरोघर जाऊन एकट्या म्हाताऱ्यांची चौकशी करील, अशी व्यवस्था बसवली गेली. १९९५ च्या जुलैत शिकागोत सातशेहून अधिक माणसे उन्हाने गेली होती. त्यांत बंद दाराआड एकट्याने मेलेले पुष्कळ होते. आपल्या वस्त्यांत महिला मंडळे आहेत, जयंती मंडळे आहेत, आशाताई आहेत. गल्लीत एकटे कोण राहते हे त्यांना कागद न पाहता सांगता येते. शिवाय बहुतेक वस्तीत एक पक्के बांधलेले, पंखे असलेले विहार आहे. सकाळी वंदना, सायंकाळी वंदना आणि मधल्या वेळात कुलूप. चैत्र-वैशाखात दुपारी बारा ते चार हे कुलूप काढून दोन माठ भरून ठेवले, चटया अंथरल्या, तर पत्र्याखालच्या म्हाताऱ्यांना आणि लेकरांना टेकायला जागा होईल. यासाठी महापालिकेच्या ठरावाची गरज नाही.

घरातल्या भगिनींसाठी एवढे लिहून ठेवतो. जलसंजीवनीचे पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ मिसळावे. उन्हातून आलेला माणूस बरळू लागला, अंग तापून लाल झाले, झोक जाऊ लागला, तर तो उष्माघात समजावा. सावलीत आणून कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते.

जयंती मंडळांच्या बैठका मार्चमध्येच सुरू होतात. वर्गणी, मिरवणूक, ध्वनिक्षेपक यांच्या यादीत या वेळी आणखी एक काम घालावे. चार-पाच जणांनी प्रभाग कार्यालयात जाऊन लेखी विचारावे, की शहराच्या उष्णता आराखड्यात आपल्या वस्तीचे नाव कुठे आहे, जबाबदार अधिकाऱ्याचे नाव काय, आणि पुढचा अभ्यासदौरा निघेल तेव्हा पत्र्याखाली राहणाऱ्या किती बायका त्यात असतील. अर्जाची पोच घ्यायला विसरू नये.